माप कुठून धरलं?

विट्या-खानापूरकडची गलाई मंडळी सोन्याचांदीच्या आटणीसाठी देशभर पसरली. त्यांतल्याच एका मामांचं बंगळूरजवळच्या होसकोट्यात दुकान होतं. सराफांकडून झाडलोटीचा कचरा आणायचा, जाळायचा, आटवायचा आणि त्यातला सोन्याचा कण वेगळा काढायचा, हे त्यांचं काम. भाचा बारावीनंतर गावाकडून आला आणि त्यांच्या हाताखाली तयार झाला. मामांचा तराजू मिलिग्रॅमचा फरक दाखवायचा. काटा स्थिर होईपर्यंत आकडा बोलायचा नाही, हा दुकानातला पहिला नियम होता.

भाच्यानं साठवलेल्या पैशांतून जुनी जिप्सी घेतली. मारुतीनं 1985 साली आणलेली ही गाडी आता नवी मिळत नाही. पण पुढं-मागं अखंड अॅक्सल, चारही चाकांवर लीफ स्प्रिंगचे पाटे आणि अंगानं हलकी, म्हणून रानवाटांच्या शौकिनांचा जीव तिच्यात अजून अडकलेला आहे. रविवारी पहाटे होसकोट्यात बिर्याणीसाठी रांगा लागतात. त्या रांगांना मागं टाकून चार-पाच गाड्या नंदगुडीच्या बाजूला निघायच्या. त्यांत आता भाच्याची जिप्सीही जाऊ लागली.

पहिल्याच पावसात ती फसली. नीलगिरीच्या लागवडीतून जाणारी तांबड्या मातीची वाट होती. ट्रॅक्टरांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या, मधे उंचवटा आणि उंचवट्यात रुतलेला काळा दगड. चाकं चाकोरीत उतरली, खाली लोखंड दगडावर बसल्याचा आवाज आला आणि चारही चाकं जागच्या जागी फिरू लागली. शेवटी नाचणीच्या शेतातला ट्रॅक्टर आला आणि त्यानं जिप्सी ओढून काढली. बरोबरची पोरं हसली. ते हसणं भाच्याला फार लागलं.

‘‘मामा, गाडी पाच इंच उचलून घेतो,’’ तो घरी येऊन म्हणाला.

‘‘घे की. पण घासलं कुठं, ते वाकून बघितलंस का?’’

‘‘खालीच घासलं. उंची कमी पडली, दुसरं काय!’’

जुन्या मद्रास रस्त्याला ट्रकचे पाटे बांधणारे एक म्हातारे मेस्त्री होते. घरात मराठी बोलायचे, दुकानात कन्नड. आपले पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडं आले, असं त्यांच्या घरात सांगत. बंगळूरबरोबर होसकोटे आणि कोलारही राजांच्या जहागिरीत होतं, तेव्हा तसं असेलही. भाचा आधी त्यांच्याकडंच गेला. मेस्त्रींनी विचारलं, ‘‘गोळा कुठल्या बाजूला आहे तुझ्या गाडीचा?’’ अॅक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा नेमका मधोमध असतो की एका अंगाला, हे भाच्यानं कधी पाहिलंच नव्हतं. मेस्त्री म्हणाले, ‘‘मग आधी खाली झोप, खडूनं खुणा कर, मग ये.’’

एवढा धीर त्याच्याजवळ नव्हता. तो दुसऱ्या एका गॅरेजात गेला. तिथं खुणाबिणा कुणी विचारल्या नाहीत. जिप्सीचे पाटे मुळात अॅक्सलच्या खालून बांधलेले असतात. त्यांनी ते सोडवले, अॅक्सलच्या वर घेतले, नव्या बैठका वेल्ड केल्या आणि यू-बोल्ट कसले. गाडी पाच इंच उंच झाली. बाजारातून जाताना लोक वळून बघू लागले. आत चढताना पाय उचलावा लागायचा, त्याचंही भाच्याला कौतुक वाटायचं.

पुढच्या रविवारी तो मुद्दाम त्याच वाटेला गेला. तीच चाकोरी, तोच दगड. आणि तोच आवाज.

या वेळी तो चिखलात आडवा झाला. पाट्यांखालच्या पट्ट्या आणि यू-बोल्टची टोकं तेवढी वर गेली होती. गोळा मात्र होता तिथंच होता, त्यावरचा जुना ओरखडाही तसाच, आणि त्याच्यावर आता नवा उमटला होता. दगड उकरून त्यानं गाडी कशीबशी सोडवली. परतताना तलावाच्या बांधावरून तिरकं उतरताना गाडी एका अंगाला इतकी कलली की वरच्या बाजूचं मागचं चाक जमीन सोडून हवेत गेलं. शेजारी बसलेला मित्र उडी टाकून बाहेर पडला. महामार्गावर आल्यावर स्टिअरिंग एका रेषेत राहीना. प्रत्येक खड्ड्याला ते आपोआप ओढ घ्यायचं, आणि वेग घेतला की खालून थरथर यायची.

दुसऱ्या दिवशी मामाच त्याला मेस्त्रींकडं घेऊन गेले.

मेस्त्री टेप घेऊन गाडीखाली शिरले. आधी त्यांनी चॅसीची उंची मोजली, मग गोळ्याखालची. भाच्याच्या हातात खडू देऊन दोन्ही आकडे फरशीवर लिहायला लावले. चॅसी पाच इंच वर गेली होती. गोळ्याखाली फरक शून्य.

‘‘अॅक्सल कशावर उभा आहे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘चाकांवर.’’

‘‘आणि पाटे?’’

‘‘अॅक्सलवर.’’ बोलता बोलताच भाचा थांबला.

मेस्त्री म्हणाले, ‘‘पाटे कितीही वर घे, उचललं जाणार ते पाट्यांच्या वरचं. चॅसी, बॉडी, इंजिन, माणसं. दगडाला लागतो गोळा, आणि तो पाट्यांच्या खालच्या घरातला. तुला ओढून काढलं तो ट्रॅक्टर नीट बघितलास? त्याच्या मागच्या चाकांना पाटे आहेत कुठं? चाक मोठं, म्हणून पोट वर.’’

मग त्यांनी एकेक करून दाखवलं. चाक लोंबत सोडलं की ब्रेकचा रबरी पाइप ताणून दोरीसारखा कडक व्हायचा. तो तुटला असता, तर पुढचं सांगायची गरज नव्हती. शॉक अॅब्सॉर्बर जुन्या मापाचे, त्यामुळं चाक पुरतं खाली येण्याआधीच अडायचं. लाँग शाफ्टचा कोन वाढला होता, त्याचा जॉइंट क्रॉस हातानं हलवला तरी खुटखुटत होता. थरथर तिथून येत होती. स्टिअरिंगचा दांडा आडवा असायचा तो आता तिरका उतरत होता, म्हणून पाटा दबला की चाक स्वतःच वळायचं. बांधावरचा प्रकार तर त्यांनी खडूनं आकृती काढून समजावला. दोन चाकांमधलं अंतर साधारण 1300 मिलिमीटर, त्याचं अर्ध 650. गाडीच्या भाराच्या मध्यातून ओळंबा सोडला आणि तो या 650 च्या बाहेर पडला की गाडी उलटली. भार जितका वर, तितक्या कमी कलावर ओळंबा बाहेर जातो.

‘‘म्हणजे मोठं टायर घालू?’’ भाच्यानं विचारलं.

‘‘हिशेब कर.’’

हिशेब त्याला येत होता. 205/70 आर 15 चं टायर 668 मिलिमीटर उंच, 235/75 आर 15 चं 733. फरकाचं अर्ध, म्हणजे गोळ्याखाली जेमतेम 33 मिलिमीटर. त्यासाठी चाकाच्या कमानीत जागा करायची, गिअर सुमारे दहा टक्के जड होणार, चढावर इंजिन धापणार, आणि स्पीडोमीटर 60 दाखवत असताना गाडी 66 नं पळत असणार. शिवाय कंपनीच्या मूळ मापाबाहेर गाडी बदलायला कायद्याचीच मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ती स्पष्ट केली, आणि त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनं मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. उंच गाडी उलटली तर इजा फक्त तिच्या मालकालाच होते असं नाही, म्हणून मला हा कायदा जाच वाटत नाही. बांधाखाली त्या दिवशी कुणी गुरं चारत असतं तर?

मामा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, ‘‘कचऱ्याची पाटी जड लागली म्हणून सोनं जास्त निघत नाही, हे तू रोज बघतोस. मग इथं वजन कशाचं केलंस?’’

भाच्यानं बैठका कापून काढायला सांगितल्या. पाटे पुन्हा अॅक्सलखाली गेले. सोडवले तेव्हा कळलं, जुने पाटे बसून सपाट झाले होते. गाडीची मूळची उंची तिथंच हरवली होती आणि ती कुणी शोधली नव्हती. मेस्त्रींनी नवे पाटे, नवे बुश आणि नवा जॉइंट क्रॉस घातला, टायर मूळ मापाचीच ठेवली. गोळ्याखाली कंपनीच्या कागदावरचे 210 मिलिमीटर. त्या मापाची खूण भाच्यानं नीलगिरीच्या एका काठीवर केली आणि काठी गाडीत ठेवली.

पुढच्या रविवारी मेस्त्रीही बरोबर आले. दगडाजवळ त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि स्वतः उतरून पुढं चालत गेले. ‘‘दगड पोटाखाली घेऊ नकोस. त्याच्यावर चाक चढव.’’ भाच्याला ते उलटंच वाटलं. आजवर तो दगड दोन चाकांमधूनच घालवत आला होता. त्यानं चाकोरी सोडली, एक चाक उंचवट्यावर आणि दुसरं काठाच्या गवतावर घेतलं, फोर-व्हील लो टाकला आणि क्लच हळू सोडला. टायर दगडावर चढलं. चाकाबरोबर अॅक्सल वर आला, अॅक्सलबरोबर गोळा. दगडाला न लागता तो वरून गेला. मग मागचं चाक. काही घासलं नाही.

पुढं ओढा आडवा आला. रात्रीच्या पावसानं पाणी गढूळ होतं, तळ दिसत नव्हता. मागच्या गाडीतली पोरं हॉर्न वाजवत होती. भाचा काठी घेऊन पाण्यात उतरला. मधोमध ती खुणेच्या बरीच वर भिजली, आणि टोकाला दगड लागला, तोही हलणारा. त्यानं दोन पावलं बाजूला सरकून पुन्हा मोजलं, मग पलीकडच्या बाजूला. तिन्हीकडं तेच.

‘‘सुलिबेलेवरून वळसा घेऊन जाऊ,’’ तो येऊन म्हणाला, आणि मागच्या गाड्यांना जागा करायला सांगून त्यानं रिव्हर्स टाकला.