पाळणं आणि कोंडणं

माझा भाचा पुण्यात कोंढव्याला राहतो. संगणकातली नोकरी, पगार चांगला, लग्न अजून व्हायचंय. त्यामुळे शौक करायला पैसा आणि वेळ दोन्ही आहे. दिवाणखान्यात त्यानं चार फुटांची काचेची टाकी करून घेतली आहे. ईदला जुन्नरला आला तेव्हा शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन म्हणाला, “मामू, टाकीत आता ऑक्टोपस ठेवावा म्हणतो. तुम्ही शिक्षक माणूस. बरोबर आहे की नाही, सांगा.”

मला हसू आलं. जुन्नरच्या माणसाला समुद्राचं काय कळतंय? एकेकाळी इथला माल नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जायचा, तेवढंच आमचं समुद्राशी नातं. पण तो गेल्यावर प्रश्न डोक्यातून जाईना. मग मिळेल ते वाचून काढलं.

अल्लाहनं काय चीज बनवली आहे! तीन हृदयं, निळं रक्त आणि मेंदूचं निम्म्याहून अधिक काम डोक्यात नाही, आठ हातांत चालतं. बरणीचं झाकण फिरवून आतला खेकडा काढतो. न्यूझीलंडमध्ये नेपियर शहराच्या मत्स्यालयात इंकी नावाचा एक ऑक्टोपस होता. 2016 साली एका रात्री टाकीचं झाकण थोडं उघडं राहिलं. तो बाहेर आला, फरशीवरून सरपटत गेला आणि सांडपाण्याच्या अरुंद नळीतून थेट समुद्रात पोचला. ब्रिटननं 2022 मध्ये प्राण्यांच्या संवेदनेचा कायदा केला, त्यात या बिनकण्याच्या जिवालाही जागा दिली. आयुष्य मात्र तोकडं. बहुतेक जातींना वर्ष-दोन वर्षंच मिळतात. मादी अंडी राखत बसते, खाणं सोडते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत संपते.

हे सारं भाच्याला फोनवर सांगितलं. तो तयारीत होता. “मामू, समुद्रात त्याला कुणीतरी गिळणारच. इथं रोज ताजा खेकडा मिळेल, पाणी मी तपासीन. मी त्याला सुखातच ठेवतोय ना?”

मी त्याला मांजरीची हदीस आठवून दिली. एका बाईनं मांजर बांधून ठेवली, खायला दिलं नाही आणि जमिनीवरचं काही शोधून खावं म्हणून सोडलंही नाही. त्यासाठी तिला शिक्षा झाली. भाचा म्हणाला, “पण मी तर खायला देणार आहे.” एवढ्यावर न थांबता त्यानं मला छोट्या अबू उमैरची गोष्ट सांगितली. त्या मुलाचा पाखरू हा खेळगडी होता, प्रेषित (स.) त्याला त्या पाखराबद्दल लाडानं विचारायचे. पाखरू पाळायला परवानगी आहे, असा अर्थ उलेमांनी त्यातून काढला आहे.

परवानगी आहे, हे मी नाकारत नाही. पण ती गोष्ट वाचताना माझं मन दुसरीकडेच अडतं. पाखरू मेलं होतं आणि मूल उदास बसलं होतं, तेव्हाचा तो प्रश्न आहे. आपण त्यातून हुकूम उचलला, उदासी तिथंच राहिली.

आमच्या भागात हा प्रश्न काचेच्या टाकीएवढा लहान नाही. जुन्नर-आंबेगावात कुकडी, घोड, मीना या नद्यांवर धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला. वर्ष-दीड वर्ष कुणी न ढवळणारं ते हिरवं रान बिबट्याला आयतं घर झालं. मादी उसातच विते. तोड सुरू झाली की सरीत पिल्लं सापडतात, मांजराच्या पिल्लांसारखी, डोळे नीट न उघडलेली. माझ्या धाकट्या भावाच्या शेतात अशी दोन निघाली होती. घरातली पोरं पाळू पाळू म्हणून रडायला लागली. वन खात्याच्या माणसांनी पिल्लं खोक्यात घालून रात्री त्याच बांधावर ठेवली. पहाटे खोकं रिकामं होतं. मादी एकेक करून घेऊन गेली होती.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. 2001 ते 2003 च्या सुमारास इथं हल्ले वाढले, पिंजरे लागले. कित्येक बिबटे धरून दूरच्या जंगलात सोडले. त्यानं हल्ले कमी न होता वाढले, असं विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं. त्यांनीच 2009 मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका म्हाताऱ्या बिबट्याला पट्टा लावून माळशेजला सोडलं. ‘आजोबा’ सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या बाजूला निघून गेला. एवढी चाल ज्याच्या पायांत, त्याच्या भावंडांना माणिकडोहच्या जाळीआड दिवस काढावे लागतात. काहींची तर सारी हयात तिथंच गेली.

तरी त्या पिंजऱ्याला जुलूम म्हणताना माझी जीभ अडखळते. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तिघांचे बळी गेले. त्यांत दोन लेकरं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. ज्या आईचं मूल उसात ओढून नेलं, तिला मी कुठल्या तोंडानं मांजरीची हदीस सांगू? तिथला पिंजरा भीतीतून, गरजेतून आला आहे. त्याचं ओझं आपण साऱ्यांनी उचलायचं, कारण ऊसही आपण लावला आणि त्याचा पैसाही आपण घेतला. पण त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनावेळी एका आमदारांनी बिबट्याला पाळीव प्राण्याचा दर्जा द्या म्हटलं, तेव्हा वाटलं, गरज संपून शौक कुठं सुरू होतो हेच आपण विसरलो. कोल्हापूर दरबारात आपल्याच चित्तेवान घराण्यांनी चित्ते सांभाळले, शिकारीला शिकवले. त्यांच्या हुन्नराचा मला अभिमान आहे. चित्ता मात्र या देशातून गेला, 2022 मध्ये तो आफ्रिकेतून आणावा लागला.

भाच्याला म्हणालो, “बिबट्याला आपण भिऊन कोंडतो. तुला तर ऑक्टोपसची भीती नाही. तुला तो आवडतो, म्हणून कोंडणार. एक-दीड वर्षाची जिंदगी, त्यातला एकेक दिवस तू चार फुटांत घेणार. आणि कंटाळलास तर सोडणार कुठं, मुळा-मुठेत?”

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “आणि नानीचा मिठ्ठू?”

आमच्या घरी ओसरीवर पोपटाचा पिंजरा आहे. अम्मीनं त्याला ‘सलाम’ म्हणायला शिकवलं होतं. 1972 च्या कायद्यानं देशी पोपट पाळणं गुन्हा आहे, हे मी वर्गात मुलांना शिकवत आलो आणि घरी येऊन त्याला मिरची देत आलो. अम्मी गेल्यावरही तो तिच्याच आवाजात सलाम करतो. चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पिंजऱ्याचं दार उघडलं. तो दांडीवरून हललाही नाही. पंख वाढलेत, पण उडणं त्याला ठाऊकच नाही.

तेव्हापासून दिवसा दार उघडंच असतं. संध्याकाळी शेजारची मांजर भिंतीवर येऊन बसते, तेव्हा मी उठून ते लावून घेतो.