क्रियापद येईपर्यंत

जपानी शिकायचं असेल तर सिनेमे बघा, असं शिकणारे एकमेकांना सांगतात. पुण्यात जपानीचे वर्ग आहेत, शिक्षक आहेत. पण भातसेकाठच्या सापगावासारख्या खेड्यात जपानी बोलणं रोज कानावर पडायचं तर मोबाइलवरचा सिनेमाच जवळचा. म्हणून तो कसा बघावा, याचा विचार करायला हवा.

मी सुचवेन यासुजिरो ओझूचा १९५३ सालचा ‘टोकियो स्टोरी’. ओनोमिचीहून आईवडील टोकियोला मुलांकडे जातात. मुलांना वेळ नाही. ती त्यांना आतामीला, गरम पाण्याच्या झऱ्यांवर धाडून देतात. युद्धात नवरा गमावलेली सून नोरिको मात्र रजा काढून सासू-सासऱ्यांना शहर दाखवते. शहापूर-मुरबाडच्या किती घरांतली मुलं कल्याण-ठाण्याला राहतात! ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून द्यायला नको, त्यामुळे सगळं लक्ष बोलण्याकडे देता येतं. शिवाय ओझूची माणसं सावकाश बोलतात, मध्ये थांबतात.

दुसऱ्यांदा बघताना खालच्या इंग्रजी ओळी झाकाव्यात. जपानीत क्रियापद शेवटी येतं, नकार त्याच्याही मागून. ‘टोकियोला जात...’ इथपर्यंत ऐकलं तरी माणूस जाणार की नाही, हे कळत नाही. आपल्या मराठीतही तसंच. इंग्रजीत तो नकार आधीच येऊन जातो आणि ऐकणाऱ्याची उत्सुकता संपते. मराठी कानाला वाक्याच्या टोकापर्यंत थांबायची सवय लहानपणापासून आहे. ही आपली केवढी मोठी शिदोरी! ती इंग्रजीच्या आडवाटेने जाऊन का गमवावी?

जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत ऐकण्याची चाचणी असते, बोलण्याची नसते. म्हणून ऐकलेलं वाक्य लगेच मोठ्याने म्हणावं, त्याच चालीवर. पण कुणाचं वाक्य उचलतो, हे पाहावं. तलवारबाजीच्या सिनेमातली गुरकावणी वडीलधाऱ्यांपुढे चालत नाही. ‘टोकियो स्टोरी’त सख्खी लेक शिगे फटकळ बोलते. परक्या घरातून आलेली नोरिको शिगेच्याच आईवडिलांशी किती आदराने, किती मायेने बोलते. जपानीतली आदराची रूपं व्याकरणाच्या तक्त्यात पाठ करताना कोरडी वाटतात, इथे ती एका माणसाच्या स्वभावातून येतात. नव्याने शिकणाऱ्याने म्हणायला नोरिकोची वाक्यं घ्यावीत.