हौसेचे कष्ट

कळसूबाई १६४६ मीटर उंच. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर. बारी गावातून पहाटे निघून, लोखंडी शिड्या चढून आम्ही माथ्यावरच्या छोट्या देवळापाशी टेकतो, तेव्हा आपल्याच घामाचा अभिमान वाटतो. वाटेवर लिंबू-सरबत विकणारे गावकरी ओझे घेऊन तोच डोंगर चढतात. त्यांच्या चढण्याला मात्र आम्ही धंदा म्हणतो. वर दोन रुपयांसाठी घासाघीस!

हौसेचे कष्ट खोटे, असे नव्हे. रोज्याची भूकही पत्करलेलीच असते. पण रोजेदाराला मगरिबची अजान होणार हे ठाऊक असते. ज्याच्या घरात पीठच नाही, त्याच्या भुकेला मगरिब नाही. कष्टांचे मोल नियतीवर ठरते, असे आम्ही म्हणतो. मग मुलांच्या भाकरीसाठी चढणाऱ्याची नियत आमच्या नियतीहून लहान कशी?