फोटोतला उजेड कुणाचा?

॥ श्रीगुरवे नमः ॥



गेल्या गुरुपौर्णिमेला आमच्या इंदूरच्या सत्संग हॉलमध्ये आरतीच्या ऐन वेळी वीज गेली होती, हे जे आले होते त्यांना आठवत असेल. पंखे थांबले, माइक बंद पडला, पण आरती थांबली नाही. कुणी समई पुढे सरकवली, कुणी निरांजन हातात उचलून धरलं, आणि तेवढ्या उजेडात महाराजांचं दर्शन झालं. आमच्या फोटोसेवेतल्या मुलाने त्याच वेळी एक फोटो काढला. आजचं मनोगत त्या एका फोटोबद्दल आहे. त्यात आमचीही चूक आहे, ती आधीच कबूल करतो.

तो फोटो कॅमेऱ्यातून उतरवला तेव्हा बघवत नव्हता. उजेड कमी असला की कॅमेरा मिळालेला थोडासा प्रकाश वाढवून घेतो, आणि त्याबरोबर वाळू शिंपडल्यासारखे रंगीत दाणेही वाढतात. शिवाय वातीचा उजेड मुळात पिवळा-तांबडा, त्यामुळे सगळे चेहरे हळदीने माखल्यासारखे दिसत होते. मुलाने पैसे भरून काही घेतलेलं नव्हतं. त्याच्याकडे गिंप नावाचं फुकट सॉफ्टवेअर होतं आणि त्याला जोडायचं जीमिक नावाचं प्लगइन. फ्रान्समधल्या कां शहरातल्या एका संशोधन प्रयोगशाळेत २००८ पासून ते तयार होत आलंय. त्यात पाचशेहून जास्त फिल्टर आहेत आणि ते कुणालाही फुकट मिळतं. मुलाने दाणे कमी केले, पिवळेपणा थोडा उतरवला, सावलीतले चेहरे उजळले. आम्हांला दाखवलं तेव्हा आम्ही सगळेच "वा!" म्हणालो. त्या रात्री डोळ्यांना जे दिसलं होतं, तेच आता फोटोत दिसत होतं.

इथवर सगळं ठीक होतं. मग त्याने आणखी एक बटण दाबलं. गिंपमध्ये 'सुपरनोव्हा' नावाचा फिल्टर आहे. तो जिथे ठेवाल तिथून तारा फुटल्यासारखे किरण निघतात. त्याने तो महाराजांच्या मस्तकामागे ठेवला. किरण उठून दिसावेत म्हणून फोटोच्या कडा काळ्या केल्या. छान दिसतंय, एवढाच त्याचा हेतू. तो फोटो त्याने आपल्या घरच्या ग्रुपवर टाकला.

चौथ्या दिवशी तोच फोटो हैदराबाद, बडोदा असा फिरून बेळगावच्या ग्रुपमधून आमच्याकडे परत आला. आता त्याखाली मजकूर होता: काढताना असं काही नव्हतं, हे तेज आपोआप उमटलं, अकरा जणांना पाठवा. इंदूरमधल्या कुणीही हे लिहिलं नव्हतं. वाटेत कुठेतरी चिकटलं.

आम्हांला खरं ठाऊक होतं, तरी आम्ही गप्प बसलो. "लोकांचा भाव वाढतोय, बिघडलं काय?" असं आमच्यातल्याच एकाने म्हटलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली.

म्हणून आज हा प्रश्न मांडतोय. फोटो सुधारणं आणि फोटोकडून खोटं बोलवून घेणं, यांच्यातली रेघ कुठे? आणि भाव चांगला असेल तर ती ओलांडलेली चालते का?

फोटोला हात लावणं हे काही मोबाइलने आणलेलं नाही. लाला दीनदयाळ (जन्म १८४४) आपल्या इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते. इथेच ते फोटोग्राफीकडे वळले आणि पुढे हैदराबादला निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्या काळी फोटो काचेवर उतरायचा. स्टुडिओतले कारागीर त्या काचेवर बारीक शिसपेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग झाकायचे, आणि कागदावरच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत हाताने रंग भरायचे. जुन्या घरांतल्या पणजोबांच्या फोटोत पगडी लाल आणि ओठ गुलाबी दिसतात, ती त्याच हातांची कामगिरी. तेव्हा 'फोटोला मुळीच हात लावू नये' असा नियम करणं सोपं असलं तरी खरं नाही.

शिवाय कॅमेरा स्वतःही कुठे नेहमी खरं बोलतो? त्यातला प्रकाशमापक समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. उत्सवात आपण सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलो की तो फसतो. उजेड फार झाला असं समजून फोटो काळवंडवतो. पांढरी टोपी करडी होते आणि टोपीखालचा चेहरा ओळखू येत नाही. मोबाइल हातभर अंतरावर धरून सेल्फी काढली की जवळचं नाक मोठं दिसतं आणि कान लहान. हे दोष यंत्राचे. ते काढणं म्हणजे चष्म्याची काच पुसणं. त्यात खोटेपणा नाही, उलट न पुसणं हाच आळस.

म्हणून आमच्यापुरतं आम्ही असं ठरवलंय: *कॅमेऱ्याचा दोष काढावा, माणसाचा काढायला जाऊ नये.*

म्हणायला सोपं आहे, पण हातात घेतलं की कळतं. दाणे कमी करणारा फिल्टर आजूबाजूच्या ठिपक्यांची सरासरी काढून खडबडीत भाग गुळगुळीत करतो. दाणा कुठला आणि सुरकुती कुठली, हे त्याला कळत नाही. तीच पट्टी अजून थोडी पुढे सरकवली की आजीच्या गालावरची सत्तर वर्षं पुसली जातात. कुठे थांबायचं हे सॉफ्टवेअर सांगत नाही, ते सरकवणाऱ्या बोटाला ठाऊक असावं लागतं.

आमच्या ओळखीतल्या एका घरी मुलीचा फोटो स्थळांकडे पाठवताना तिला न विचारता दोन छटा उजळ केला. तो खिडकीला पाठ करून काढलेला असता आणि चेहऱ्यावर अंधार पडलेला असता, तर उजळणं योग्यच होतं. पण फोटो चांगल्या उजेडातला होता, उजळला तो रंग. मंडळी बघायला आली, पोहे खाल्ले, गोड बोलून गेली. दोन दिवसांनी नकार आला. मुलगी आईला म्हणाली, "त्यांनी नकार दिला त्याचं काही नाही गं. तुम्ही मला आधीच नकार दिला होता." ज्या पांडुरंगाला आपण रोज कौतुकाने सावळा म्हणतो, त्याच्या रंगात खोट काढायची आपली छाती होत नाही. मग पोटच्या पोरीच्या रंगात का काढतो?

यावर कुणी विचारेल, आपण देवालाही सजवतोच की. मुकुट, कुंडलं, चंदनाची उटी, रेशमी पितांबर. हा प्रश्न आम्हीही एकमेकांना विचारला. पण पहाटे अभिषेकाच्या वेळी तीच मूर्ती अलंकार उतरवून सगळ्यांसमोर असते. शृंगार चढतो, उतरतो, हार दुसऱ्या दिवशी निर्माल्यात जातो, आणि हा शृंगार आहे हे लहान पोरालाही ठाऊक असतं. चित्रकाराने महाराजांच्या चित्रात प्रभावळ काढली तरी तेही खोटं नाही, कारण ते चित्र आहे हे दिसतंच. फोटोचं तसं नसतं. 'मी तिथे होतो, असं घडलं' अशी साक्ष तो देतो. साक्षीदाराने पदरचं घालून सांगितलं की मग ते कितीही सुंदर असो, साक्ष उरत नाही.

नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने १९८२ च्या फेब्रुवारी अंकात आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसावा म्हणून गिझाचे दोन पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकवले होते. पिरॅमिड खरे, वाळू खरी, उंटही खरे. खोटं होतं ते फक्त मधलं अंतर. तरी बोभाटा झाला आणि पुढे मासिकाने ती चूक मानली. लोकांचा राग त्या चार बोटं अंतराबद्दल नव्हता. यापुढे कुठल्या फोटोवर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न उभा राहिला होता.

आणि एक मोह फुकटचा असतो. निक कलेक्शन नावाचा फिल्टरांचा संच आधी बराच महाग होता. गूगलने तो मार्च २०१६ मध्ये सगळ्यांना फुकट केला. पुढच्या वर्षी तो डीएक्सओ कंपनीकडे गेला आणि नंतर पुन्हा विकत मिळू लागला. फुकट होता तेव्हा आमच्या मुलांनी तो उतरवून घेतला, आणि प्रत्येक फोटोवर प्रत्येक फिल्टर लावून पाहिला. जुन्या कारागिराला एका फोटोमागे तासन् तास लागायचे, त्याचे पैसे मोजावे लागायचे, म्हणून गरजेपुरतंच काम व्हायचं. आता वेळ लागत नाही, पैसा लागत नाही, त्यामुळे 'पुरे' म्हणणारं कुणी उरलेलं नाही. ते आपणच म्हणायचं आहे.

आता आमच्या गप्प बसण्याबद्दल.

बेळगावच्या एका आज्जींनी तो किरणांचा फोटो मोठा करून, काच लावून देवघरात ठेवला. गुरुपौर्णिमेला त्या स्वतः इंदूरला आल्या होत्या. आपल्या डोळ्यांना दिसलं नाही ते कॅमेऱ्याला दिसलं असेल, असं त्यांनी मानलं. त्यांचा नातू इंजिनिअरिंगला आहे. त्याने बघताक्षणी ओळखलं. घरात वाद झाला. पोरगा म्हणाला, "हे खोटं असेल तर बाकीचं कशावरून खरं?" आणि संध्याकाळच्या आरतीला बसायचा बंद झाला. शेवटी आज्जींनीच आम्हांला फोन लावला. ज्याने उचलला त्याला म्हणाल्या, "खरं काय ते सांग बाळा. मी वाईट वाटून घेत नाही."

त्याने सांगितलं. पलीकडून जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, "मग तो आधीचा पाठव की. मी होते तिथं. माझ्याच हातात निरांजन होतं, चटका बसत होता. तो उजेड फोटोत का दिसत नाही, हेच मला कळत नव्हतं बघ."

आम्ही मूळ फोटो उघडला. डाव्या कडेला एक म्हातारा हात होता, काकणं घातलेला, आणि त्यात निरांजन. महाराजांच्या गालावर जो उजेड पडला होता तो त्याच ज्योतीचा. किरण उठून दिसावेत म्हणून कड काळी केली, तेव्हा तो हात अंधारात गेला होता. लोकांचा भाव वाढेल म्हणून आम्ही गप्प राहिलो, आणि ज्या हाताने त्या रात्री खरी सेवा केली तोच झाकून बसलो. शिवाय एका पोराचा विश्वास घालवला.

हे सगळं महाराजांच्या कानावर घातलं. ते मोठ्याने हसले. म्हणाले, "अरे, त्या दिवशी तर वीज गेली होती ना? मग माझ्यामागे एवढा दिवा कुणी लावला?" आम्हीही हसलो. मग त्यांनी एवढंच विचारलं, "तो बेळगावचा मुलगा आरतीला बसतो का आता?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच रात्री आम्ही सगळ्या ग्रुपवर खरं काय ते लिहून कळवलं, आणि सोबत फक्त दाणे काढलेला फोटो पाठवला. काहींना राग आला, दोन-तीन जण ग्रुप सोडून गेले. त्याला इलाज नाही.

यापुढे आपल्या फोटोसेवेत मूळ फोटो कायम जपून ठेवला जाईल. जे होतं ते काढायचं नाही, जे नव्हतं ते घालायचं नाही. काय सुधारलं ते फोटोखाली एका ओळीत लिहायचं. कुणाचा चेहरा सुधारावासा वाटला तर आधी त्याला विचारायचं. विचारायला लाज वाटली, तर तो बदल करायचाच नाही. घरोघरी हेच पाळता आलं तर बघा, विशेषतः मुलींच्या फोटोंच्या बाबतीत.

किरणांचा फोटो तुमच्याकडे असेल तर कृपया पुढे पाठवू नका. निरांजनाचा फोटो हवा असेल त्यांनी ग्रुपवर सांगा, लगेच पाठवू. फोटोसेवा त्याच मुलाकडे आहे, त्याच्यावर कुणी रागावू नये. त्याच्याहून मोठी चूक आम्हां मोठ्यांची होती.

नातू अजून आरतीला बसत नाही. पण आज्जींनी परवा सांगितलं, नवा फोटो आला तेव्हा भिंतीत खिळा ठोकून तो त्यानेच लावला.

जय गुरुदेव 🙏