ओले धान्य आणि बुडालेली मोटार

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य मोटारी बुडाल्या. अशा मोटारी विमा कंपन्या ‘टोटल लॉस’ ठरवून विकतात. त्या दुरुस्त होऊन स्वस्तात बाजारात येतात. पुरात बुडालेली परदेशी स्पोर्ट्‌स कार अशीच मिळत असेल, तर धाराशिवच्या तरुणाने ती घ्यावी काय?

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले (सहीह मुस्लिम). पाऊस हा त्याचा अपराध नव्हता. ओल झाकणे हा होता.

दोष जाणून केलेली खरेदी वैध आहे. मात्र ऐब आढळल्यास सौदा मोडण्याचा हक्क त्या दोषापुरता उरत नाही. खर्च झेपतो की ती उधळपट्टी, हे ज्याचे त्याने पाहावे. पण गंजलेल्या वायरिंगमुळे एअरबॅग उघडली नाही, तर तुळजापूरच्या घाटात शेजारी बसलेल्याचा जीव जातो. त्याने तर सौदा केलेला नसतो.

खरी परीक्षा ती विकताना होते. पुराचा इतिहास आरसी बुकात दिसत नाही, आणि तोंडाने सांगितला तर किंमत पडते. म्हणून घ्यायचीच असेल, तर विम्याचा सर्व्हे रिपोर्ट व दुरुस्तीची बिले आधी मागावीत, आणि पुढच्या ग्राहकाला किल्लीपूर्वी तीच द्यावीत.