चांगला दिसतो तेव्हाच

गणपती जवळ आले की पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर गोवा महामार्गाला वळणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. निघण्याआधी चाकरमानी टायरची हवा बघतो, ऑइल बघतो, काचा पुसतो, बोनेटवर हार चढवतो. इंजिनाच्या कडेला झाकणाआड फिरणारा टायमिंग बेल्ट मात्र फार थोड्यांना आठवतो.

हा दातेरी रबरी पट्टा पिस्टनला जोडलेला क्रँक आणि वॉल्व्ह उघडणारा कॅम यांची लय सांभाळतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी चालत असेल, तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि पिस्टनच्या वाटेतून वेळेवर बाजूला होतो. पट्टा तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या वॉल्व्हवर आदळतो, वॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. बेल्टच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च होतो, आणि गाडी बंद पडते ती भर रस्त्यात, मुलाबाळांसह.

ब्रेक घासले की करकरतात, बॅटरी उतरली की सकाळी कुरकुरते. बेल्ट बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. म्हणून कंपन्या त्याची मुदत ठरवून देतात: इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, यांतलं जे आधी भरेल ते. वर्षांची अट महत्त्वाची. सोसायटीत उभी राहणारी, क्वचित फिरणारी गाडी असली तरी उष्णतेने आणि वयाने रबर थकतंच.

खरी अडचण मनाची आहे. वस्तू मोडेपर्यंत वापरायची, ही आपल्याला लहानपणापासून शिकवलेली काटकसर. मुदतीवर काढलेला पट्टा हातात घेतला की वाटतं, अजून वर्षभर सहज चालला असता. तसं वाटणं, हीच तो वेळेवर बदलल्याची खूण. काही खर्चांचं फळ दिसतच नाही. प्रवासात काही घडलं नाही, एवढंच ते फळ. आरोग्य तपासणीचं, विम्याचं, पावसाळ्याआधी केलेल्या गच्चीच्या डागडुजीचंही असंच असतं. जे दिसत नाही त्यासाठी पैसे मोजायला शहाणपण लागतं.

तेव्हा गाडीचं मॅन्युअल आजच उघडा. तुमच्या गाडीला बेल्ट आहे की साखळी, आणि बेल्ट असेल तर त्याची मुदत किती, हे पाहून घ्या. गाडी जुनी घेतलेली असेल आणि बेल्ट बदलल्याचं बिल हाती नसेल, तर तो बदललेला नाही असंच समजा. बदलताना पट्टा ताणून धरणारा टेन्शनरही नवा घाला. त्याच पट्ट्यावर फिरणारा वॉटर पंप असेल, तर तोही मेकॅनिककडून तपासून घ्या. आणि हे सगळं चतुर्थीच्या आदल्या दिवसावर ढकलू नका.