उजेडाचे पैसे

उरण तालुक्यातलं एक गाव. १९८४च्या शेतकरी आंदोलनानंतर ज्या गावांच्या वाट्याला संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, त्यांतलंच. त्यामुळे गावदेवीच्या जत्रेला पैसा कमी पडत नाही. बेंजो येतो, ऑर्केस्ट्रा येतो, वेशीपासून देवळापर्यंत फ्लेक्स लागतात.

या गावातल्या आठ-दहा पोरापोरींना एकांकिका करायची होती, तीही आगरी बोलीत. कुणी कॉलेजात, कुणी कंटेनर यार्डात पाळी करणारा. त्यामुळे तालीम रात्री नऊनंतर, शाळेच्या पडवीत. संहिता दोनशे पानी वहीत हाताने लिहिलेली आणि ती वाचायला मोबाईलची बॅटरी. आजीचं काम करणारी पोरगी एका हाताने पदर सावरायची, दुसऱ्या हाताने समोरच्याच्या तोंडावर उजेड धरायची आणि तशीच संवाद म्हणायची.

स्पर्धेचं प्रवेशशुल्क, लाइटचं भाडं आणि नेपथ्याचा टेम्पो मिळून पंचवीस हजारांचा खर्च. पोरं जत्रेच्या मंडळाच्या बैठकीत गेली. अध्यक्ष मोकळ्या हाताचा माणूस.

"पंचवीस काय, पन्नास देऊ! पहिला नंबर आणा. वेशीपासून मिरवणूक काढू, शाल-श्रीफळ देऊ."

"ता मंग देवाल, दादा," आजीचं काम करणारी म्हणाली, "पन आता उजेर कुठशी आनाचा?"

बैठकीत हशा पिकला. कोपऱ्यात बसलेले निवृत्त मास्तर तेवढे हसले नाहीत.

"अध्यक्ष, अत्र्यांचं 'कवडीचुंबक' आपल्या देवळापुढे झालं होतं. तुमच्या वडिलांनीच कंजुषाचं काम केलं होतं."

"आठवतं की! लोक अजून नाव काढतात."

"ते मूळ नाटक मोलिएर नावाच्या फ्रेंच माणसाचं. आपल्याकडे विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं १८४३ साली. त्याच्या बरोबर दोनशे वर्षं आधी, १६४३ला, एकविशीतल्या या मोलिएरने सवंगडी जमवून पॅरिसात नाटक मंडळी काढली. दोन वर्षांत एवढी उधारी झाली की पोरगा तुरुंगात. उधारी कुणाची? मेणबत्तीवाल्याची. तेव्हा नाटकाला उजेड मेणबत्त्यांचाच. सुटल्यावर त्याने पॅरिस सोडलं आणि तेरा वर्षं गावोगाव खेळ केले. १६५८ला राजासमोर प्रयोग झाला, राजा खूश. मग नाट्यगृह मिळालं, तनखा मिळाला, मानमरातब मिळाला. पण मेणबत्तीवाला दारात उभा होता तेव्हा यातलं काहीच नव्हतं. भाव्यांचं नशीब बरं. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन पहिल्या खेळाच्या आधीपासून पाठीशी होते."

अध्यक्ष जरा वरमले, पण हिशेबाला पक्के. "मास्तर, पैसे आधी दिले आणि नंबर आलाच नाही तर?"

"बेंजोवाल्याला आपण कधी नंबर विचारला?"

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. पंचवीस हजार त्याच रात्री मंजूर झाले. त्या साली जत्रेत फ्लेक्स थोडे कमी लागले. देवीने काही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

एकांकिका प्राथमिक फेरीतच बाद झाली. मिरवणूक निघाली नाही. पण पुढच्या साली पोरं पुन्हा बैठकीत आली, तेव्हा कुणी तोंड उघडायच्या आत अध्यक्षांनीच विचारलं, "औंदा उजेडाला किती लागतील?"

मदत करणाऱ्या संस्था नाहीत असं नाही. पुण्याचं साहित्य रंगभूमी प्रतिष्ठान विनोद दोशी यांच्या नावाने तरुण रंगकर्मींना शिष्यवृत्ती देतं, आणि ते चांगलंच आहे. पण तिथवर पोचायच्या आधी पहिले प्रयोग व्हावे लागतात, आणि ते असल्याच पडवीत उभे राहतात. त्यांना पुण्यातून कोण पैसे पाठवणार? ते काम गावाचं. म्हणून यंदा तुमच्या गावच्या जत्रेचा जमाखर्च मांडायला बसाल, तेव्हा फटाक्यांच्या खाली तालमीच्या नावाने एक रक्कम लिहा. आणि ती प्रयोगाच्या आधी द्या.